खाडीत वल्हवायला या, पण पाण्याच्या वेळेने



पाऊस गेला, दिवाळी सरली की मांडवीचं गढूळ पाणी निवळायला लागतं. खाडीत पुन्हा खारेपण चढतं आणि सुंगटांचे दिवस येतात. गेली काही वर्षं याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसते. रायबंदरच्या फेरी धक्क्यावर टपावर पिवळ्या-नारंगी कयाक बांधलेल्या गाड्या येऊन उभ्या राहतात. पणजी, मडगाव, बेळगाव, पुणे, कुठकुठून लोक चोडणच्या खारफुटीत वल्हवायला येतात. त्यांचे आम्हाला फोनही येतात. कयाक पाण्यात कुठून घालायची? तंबू कुठे लावायचा? मगर आहे का हो?

दुसऱ्या बाजूने आमचे सभासद विचारतात की ही माणसं आमच्या पाण्यात येणारच असतील, तर आपण नुसतं बघत बसायचं का?

दोघांनाही उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. पाहुण्यांनी पूर्ण वाचावा आणि सभासदांनी शेवटचा भाग तरी जरूर वाचावा.

ही जागा काय आहे

चोडण हे तिसवाडीतलं बेट. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला म्हापसा नदी. या दोन नद्या जिथे मिळतात त्या पश्चिमेच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 178 हेक्टर, म्हणजे दोन चौरस किलोमीटरही नाही. 1988 साली ते जाहीर झालं. जागा लहान, पण आत शिरलं की दोन्ही बाजूंनी कांदळाच्या कमानी, खाली हिरवं पाणी आणि डोक्यावर खंड्याची किलकिल. शहर नदीपलीकडेच आहे हे खरं वाटत नाही.

पण एक गोष्ट समजून घ्या. बाहेरच्या माणसाला ही खाडी रिकामी वाटते, जंगलच वाटतं. ती रिकामी नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडलात की बेटाच्या कडेने जे बांध दिसतात ते माणसाच्या हाताने उभे केलेले आहेत. चिखल, पेंढा आणि चिऱ्याचे हे बांध शेकडो वर्षांपासून गावकऱ्यांनी राखले आहेत. त्यांच्या आत खाजन शेती आहे. पावसात तिथे भात होतो आणि पाऊस सरला की मासळी. गोव्यात अशी खाजन जमीन अठरा हजार हेक्टरच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. तुम्ही ज्या शांत पाण्यात फोटो काढता, ते कुणाच्या तरी कामाचं ठिकाण असतं.

पाण्याचं गणित

खाडीत वल्हवण्याचं निम्मं कौशल्य हातात असतं, उरलेलं निम्मं घड्याळात. चोडणच्या आतल्या चिंचोळ्या वाटांत भरतीला कमरेइतकं पाणी असतं, तर ओहोटीला नुसता चिखल. वन खात्याच्या परवानगीने जाणाऱ्या होड्यासुद्धा भरती बघूनच आत शिरतात.

आमच्या आजे-पणजांकडे मोबाइल नव्हता, पण पंचांग होतं. त्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरती भरण्याची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पाणी सकाळी सहाच्या सुमाराला भरतं आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पुन्हा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती भरली की सहा तासांनी ओहोटी पुरी होते. दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा ढोबळ अंदाज झाला. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी थोडं उशिरा भरतं. शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी तर एक लहान. म्हणून निघण्याआधी मुरगाव बंदराच्या वेळापत्रकाशी ताडून घ्याच. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की फोनची बॅटरी संपली तरी माणूस अडकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढण्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. उतरतानाही तसंच. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच असते. नवशिक्याने ते दोन तास अरुंद तोंडाजवळ राहूच नये. साधा हिशोब करून बघा. हौशी माणूस कयाक ताशी चार किलोमीटरने मारतो. समोरून पाण्याची ओढ ताशी दोन किलोमीटर असली की त्याचा वेग अर्ध्यावर येतो. जाताना अर्धा तास लागलेल्या वाटेला येताना एक तास लागतो, आणि तोवर हातही दमलेले असतात.

मग चांगला दिवस कुठला? आमचं उत्तर द्वादशी आणि त्रयोदशी, शुद्ध असो वा वद्य. द्वादशीला पाणी सकाळी नऊच्या सुमाराला भरतं. सातला निघा, चढतं पाणी तुम्हाला आपोआप आत नेतं. नऊला खाडी भरलेली असते आणि पाणी थांबलेलं असतं. पक्षी बघा, फोटो काढा. मग उतरत्या पाण्याबरोबर दहापर्यंत परत या. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो. चोडणहून रायबंदर-पणजीकडे येताना तो तोंडावर लागतो, हे लक्षात ठेवा.

मांडवीचं मुख्य पात्र कयाकने ओलांडू नका. तिथून फेरीबोट जाते, बार्जी जातात. खनिजाने भरलेली बार्ज जागच्या जागी थांबत नाही, आणि तिच्या उंचीवरून तुमची कयाक चालकाला दिसतही नाही. कयाक गाडीसकट फेरीबोटीत घाला, चोडणला उतरा आणि आतल्या बाजूच्या शांत पाण्यात घाला.

जाळी, मानस आणि बांध

हा भाग आमच्या पोटाशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्यात रांगेने उभे खुंट दिसले, तर त्यांच्यामध्ये जाळं आहे असं समजा. वर बोये तरंगताना दिसले तर खाली कांताळी लावलेली असते. एकटीच प्लास्टिकची बाटली तरंगताना दिसली तर बहुतेक वेळा तिच्या खाली कुर्ल्यांचा सापळा असतो. तो कचरा नव्हे, कृपा करून उचलून नेऊ नका. स्वच्छता मोहिमेच्या चांगल्या हेतूने असे सापळे उचलून नेल्याचे प्रकार घडले आहेत. खुंटांच्या ओळीला बाहेरून वळसा घाला. वल्हं जाळ्यात अडकलंच तर ओढू नका आणि सुरी काढू नका. मागे वल्हवा, जाळं सैल होतं. जवळ कुणी होडीत असेल तर हाक मारा. शिव्या बसणार नाहीत, मदतच होईल. कापलेलं जाळं शिवायला दोन-तीन दिवस जातात, आणि त्या दिवसांची मासळी परत मिळत नाही.

आता मानस. बांधात जागोजागी लाकडी दारांची जी मोरी असते ती मानस. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दारं आपोआप मिटतात आणि शेतात खारं पाणी शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं आणि दारं उघडतात. पाऊस संपल्यावर भरतीबरोबर सुंगटांची, शेवट्यांची पिल्लं मुद्दाम आत घेतली जातात. ती आतल्या पोंयेत वाढतात. मग उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, रात्रीच्या ओहोटीला मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं लावलं जातं. या मासेमारीचा हक्क पावणीत पैसे भरून घेतलेला असतो. वर्षाची कमाई त्या थोड्या रात्रींवर असते.

म्हणून पाहुण्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, मानशीच्या समोर कयाक कधीही नेऊ नका. ओहोटीला तिथलं पाणी वरून संथ दिसतं, पण खालून जोरात ओढतं. कयाक दाराला आडवी लागली तर पाणी तिला दाबून धरतं आणि माणूस खाली अडकतो. लाइफ जॅकेटचाही तिथे भरवसा धरू नका. दोन, मानशीची दारं, फळ्या, दोऱ्या यांना हात लावू नका. फळी सरकली आणि रात्रीत खारं पाणी शेतात शिरलं तर त्या जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. तीन, बांधावर कयाक ओढून चढवू नका. बांधाची कड मऊ असते. आज चार कयाक चढल्या की तिथे घळ पडते, आणि पुढच्या उधाणाला पाणी नेमकी तीच घळ शोधतं. बांध फुटला की शेतही जातं आणि पोंयेतली मासळीही. उतरायला धक्के आहेत, गावकऱ्यांच्या पायऱ्या आहेत. विचारून त्या वापरा.

झाडं, पक्षी आणि मगर

खारफुटीत शिरताना झाडं ओळखता आली तर मजा वाढते आणि धोका कमी होतो. कमानीसारखी मुळं पाण्यात सोडणारा तो कांदळ. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी श्वासमुळं दिसली की जवळपास तिवर किंवा चिपी आहे. काटेरी पानांची आणि जांभळट फुलांची झुडपं म्हणजे मारांडी. आणि हुरा, काही ठिकाणी याला गेवा म्हणतात. याची फांदी मोडू नका. त्याचा दुधासारखा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासं होतं. चीक लागलाच तर डोळे न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर ते चरतात. बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार बहुधा दिसतेच. मासे धरणारी कैकर दिसली तर नशीब. चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि एका मोठ्या नांगीचे चिमुकले खेकडे बघायला पोरं खूश असतात. पाणमांजरं आहेत, पण ती पहाटे दिसतात, आणि तीसुद्धा गप्प बसणाऱ्यालाच. म्हणून ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवा. पक्षी उडाले म्हणजे तुम्ही जास्तच जवळ गेलात.

आणि मगर? मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोड्या पाण्यातली मगर, पण इथल्या खाऱ्या पाण्यातही ती नांदते. बांधाकाठच्या काही गावांत आजही मातीची मगर करून तिची पूजा होते. तिला मानगे थापणी म्हणतात. खाडी राखणारी म्हणून तिचा मान. तुम्हीही तेवढा मान ठेवा. कालव्यात पोहू नका, पाण्यात पाय सोडून बसू नका आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरीजवळ कयाक नेऊ नका. मासळीचं उरलंसुरलं पाण्यात टाकून तिला बोलावणं तर मुळीच नको.

रात्रीचा मुक्काम

सगळ्यात जास्त फोन यासाठीच येतात, म्हणून स्पष्ट सांगतो. अभयारण्यात तंबू लावता येत नाही. वन खात्याच्या परवानगीशिवाय आत शिरणंसुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. दिवसा जायचं तरी आधी वन खात्याकडे चौकशी करून परवानगी घ्या.

बांधावरही तंबू नको. एक तर बांध ही कोमुनिदादची नाही तर शेतकऱ्यांची जागा, मोकळं मैदान नव्हे. दुसरं, रात्री ओहोटीला मानशीवर जाणारा माणूस याच वाटेने अंधारात चालतो. तंबूच्या दोऱ्या त्याच्या पायात येतात. तिसरं, बांधातल्या पेंढ्याला आणि सुक्या गवताला चुलीची ठिणगी पुरते. आणि उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी कोरडी दिसलेली जागा मध्यरात्री पाण्याखाली असते. पौर्णिमेचं चांदणं बघायला म्हणून लोक नेमके त्याच रात्री येतात आणि भिजतात. पौर्णिमेची दुसरी भरती रात्री साडेअकरा-बाराच्या सुमाराला भरते, हे वरच्या हिशोबातून तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तंबूतच झोपायची हौस असेल तर गावात एखाद्या घरच्या अंगणात नाहीतर कुळागरात विचारून लावा. विहिरीचं पाणी मिळेल, संडास मिळेल आणि रात्री हुमण-भातही मिळेल. चार पैसे त्या घरात जातील. आमच्या मते खाडीकाठची खरी रात्र तीच. आवाज बेतात ठेवा, घरची माणसं पहाटे उठून कामाला जातात. काचेच्या बाटल्या खाडीकडे नेऊच नका. चिखलात फुटलेली काच आम्हाला सापडते ती थेट पायात.

सोबत काय असावं

प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट हवं, कयाकमध्ये ठेवलेलं नव्हे. गळ्यात शिट्टी, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि पायात पट्टे असलेल्या चपला किंवा जुने बूट. इथल्या दगडांवर आणि मुळांवर कालवं असतात, ती सुरीसारखी कापतात. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. एकट्याने जाऊ नका, आणि किती वाजता परतणार ते काठावर कुणाला तरी सांगून जा.

ओहोटीत अडकलात तर उतरून चालू लागू नका. मांडीपर्यंत रुताल. कयाकमध्येच बसा, सावली करा, पाणी पुरवून प्या आणि भरतीची वाट बघा. पाणी येतं, ते कधी चुकत नाही. रुतलातच तर उभं राहून पाय ओढू नका. कयाकवर छाती टाकून आडवे व्हा आणि एकेक पाय हळूहळू सोडवा. खरी गरज पडली तर 112 लावा, रुग्णवाहिकेसाठी 108.

जून ते सप्टेंबर या बाजूला कयाक नकोच. तेव्हा पाणी आमचंही ऐकत नाही.

आता सभासदांशी दोन शब्द

आपल्यात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, हे पर्यटन खाडीत नकोच. आज कयाक येतील, उद्या मोटारबोटी, परवा काठावर हॉटेल. ही भीती खोटी नाही. दुसरे म्हणतात, लोक येणं थांबणार नाही. बाहेरचा धंदेवाला माणसं आणणार, त्याला ना भरती ठाऊक ना मानस, आणि आपल्या वाट्याला फक्त फाटलेली जाळी येणार. हेही खोटं नाही.

आमचं म्हणणं असं की खाडीत पाहुणा येणारच असेल, तर त्याच्या पुढे खाडीतलाच माणूस असावा. पाणी कधी फिरतं, कुठल्या वळणावर चिखल आहे, कुणाचं जाळं कुठे आहे, हे ज्ञान आपल्याकडे आहे. आपण ते आजवर फुकट वाटलं, पण ते विकतही देता येतं.

मात्र ते रीतसर व्हायला हवं. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीत पैसे घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत. त्यासाठी बंदर कप्तान खात्याचा वेगळा परवाना लागतो. आपल्याला मिळणारा मच्छीमारांचा अपघात विमा मच्छीमारासाठी आहे, पाहुण्यासाठी नाही. पाहुण्याचा विमा वेगळा काढावा लागेल. पोहता येतं म्हणजे बुडणाऱ्याला काढता येतं असं नाही. जीवरक्षणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणी चार पाहुण्यांना घेऊन निघू नये.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. उधाणाच्या दिवसांत मानशींच्या आसपासच्या पाण्यात फेऱ्या बंद. एका वाटाड्यामागे मोजक्याच कयाक. आणि फेरीच्या कमाईतला ठरावीक वाटा बांधाच्या डागडुजीला. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. बांध राखायला आज माणसं मिळत नाहीत, पोरं चिखलात उतरायला तयार नाहीत. बांध गेला तर पोंय जाईल, सुंगटं जातील, आणि मग पाहुणा तरी काय बघायला येईल? 2016 साली शेवटो गोव्याचा राज्य मासा झाला, आपल्याला अभिमान वाटला. पण शेवट्याचं पिल्लू वाढायला तिवराची मुळं आणि शांत पाणी लागतं, ते आपल्यालाच राखायचं आहे.

पाहुण्यांनो, या. द्वादशीची सकाळ बघून या, जाळ्याला वळसा घाला, मानशीपासून लांब राहा आणि गावात जेवून जा. सभासदांनो, आपलं मत सभेत येऊन सांगा, तिठ्यावर नको.

लेख उपयोगी वाटला तर कयाकवाल्या मित्रांपर्यंत जरूर पोचवा.